गाय बठनी का?

बादली हलवू नका, असं मी घरात चार वेळा सांगितलं होतं. एकदा पोराला, दोनदा सुनेला अन् एकदा नातीला, ती चेंडू शोधत मोरीत शिरली तेव्हा.

रंगाची पांढरी बादली, झाकणाची. लिंबायतच्या आमच्या खोलीत मोरीच्या कोपऱ्यात ती सतरा महिने एका जागी होती. झाकण काढलं की वर नितळ पाणी दिसायचं अन् तळाला बोटभर गाळ, मोरपंखी रंगाचा. तो गाळ माझ्या बायकोच्या हातचा. ती गेली, तो राहिला. आता पोरानं दिंडोलीला फ्लॅट घेतला होता, सामान बांधणं चाललं होतं, अन् तो मला म्हणत होता, ओतून टाका.

"आबा, कसाले ठेवी ऱ्हायनात हाई? घाण पाणी शे."

घाण पाण्याचं मला तो शिकवतो. मी वीस वर्षं घाण पाण्यातच काढली.

मी चौथी शिकलेला माणूस. अंमळनेरच्या बाजूचं आमचं खेडं. सुरतेला आलो तेव्हा आमच्याकडचे सगळे येतात तसा लूमवर लागलो. खटखट ऐकून ऐकून कान गेले, मग डोळे तपासून आलो तर तेही निम्मे. कोणीतरी सांगितलं, शहराच्या कडेला गटारीचं पाणी साफ करायचा प्लांट आहे, ठेकेदार माणसं घेतो, वासाला लोक टिकत नाहीत. मी म्हटलं, कान गेले, डोळे चालले, नाकाचं काय ते एकदा होऊन जाऊ दे.

पहिल्या दिवशी मला गाळ काढायला लावला. संध्याकाळी घरी आलो. बायको भाकरी थापत होती. तिनं विचारलं, काय काम दिलं? मी म्हटलं, "गाय काढानं."

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या अहिराणीत ळ नाही. काळा तो काया, डोळा तो डोया, हळद ती हयद. अन् गाळ तो गाय.

तिचा हात थांबला. "म्युनिसिपालटीन्या गायी शेतस का?"

मला तेव्हा कळलंच नाही ती काय म्हणते ते. मी म्हटलं, शेतस ना, मोठमोठ्या टाक्या भरीसन शेतस. तर तिला वाटलं, गायी टाकीवर पाणी पितात. चार दिवसांत तिनं गावाकडे निरोप धाडला की आमच्या यांना सुरतेत सरकारी गायींवर नोकरी लागली. माझी सासू तर खूश. लूमपेक्षा गाईची सेवा बरी, पुण्य लागेल म्हणाली. दिवाळीला गावी गेलो तर मेहुणा विचारतो, "दाजी, कितलं दूध देस एक?"

मी म्हटलं, "हाई गाय दूध नही देस. वास देस."

ओसरीवरचे सगळे हसून लोळले. बायको एकटी हसली नाही, तोंडाला पदर लावून आत गेली. रात्री जेवताना मात्र तिला एकदम ठसका लागला. पाणी दिलं तर हसत होती. त्यानंतर आमच्या घरात गाळ हा शब्द कोणी म्हटलाच नाही. गायच. मी दारात चप्पल काढली की ती विचारायची, "गाय बठनी का?" म्हणजे गाय बसली का. गाळ पुल्लिंगी आहे हे तिलाही ठाऊक होतं, पण तिनं तिची गाय केली ती केलीच.

बसणं हेच आमच्या प्लांटचं सगळं काम. घराघरांतलं पाणी येतं, न्हाणीचं, संडासाचं, भांड्यांचं. जाळीवर चिंध्या, पिशव्या अडतात, वाळू खाली बसते. मग हवेच्या टाकीत त्याला खालून हवा देतात. तिथं किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते घाण खातात. खाऊन जड होतात अन् पुढच्या टाकीत तळाला बसतात, वर साफ पाणी राहतं. मी रोज काचेच्या उंच बरणीत ते पाणी भरायचो, ओट्यावर ठेवायचो अन् अर्धा तास बघायचो, गाळ कुठल्या रेघेपर्यंत बसला. त्या अर्ध्या तासात बरणीला कोणी कोपर लावलं तर मी शिव्या द्यायचो. एवढं एक मला त्या नोकरीनं शिकवलं. बसणाऱ्याला हात लावायचा नाही.

एका उन्हाळ्यात किडे मेले. टाकीवर पांढरा फेस आला, पाण्याचा रंग गेला अन् असा वास सुटला की जुनी माणसंही नाकाला रुमाल लावून फिरली. प्रयोगशाळेत एक बाई होत्या. गुजराती, चष्मा लावायच्या, मला काका म्हणायच्या. त्यांनी बाटल्या भरून नेल्या अन् दोन दिवसांनी सांगितलं, पाण्यात धातू वाढलाय. तांबं जास्त, थोडं जस्त.

मी म्हटलं, मॅडम, ही लाईन तर नुसत्या घरांची. कारखान्याची वेगळी.

त्या हसल्या. "काका, घर पण कारखानुं ज छे." अन् बोटांवर मोजायला लागल्या. कोणी घरात बसून दागिन्यांना मुलामा देतो अन् उरलेलं मोरीत ओततो. ते एक झालं. पण बाकीचं? जुने जस्ती पाइप झिजतात. नळ झिजतात. शांपूत असतं, केसांच्या रंगात असतं, हलक्या शेंदरात शिसं असतं. अन् तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासतात ती. प्रत्येक घरातून चिमूटभर. पण घरं किती!

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती मी विसरलो नाही. घाण सडते, साबण सडतो, कागद सडतो. धातू सडत नाही. किड्यांनी खाल्ला तर किडे मरतात, तो मरत नाही. त्याची फक्त जागा बदलता येते. पाण्यात असेल तर गाळात आणायचा, अन् तो गाळ वेगळा ठेवायचा, शेतात जाऊ द्यायचा नाही. बारडोलीकडचे ऊसवाले गाळ मागायला यायचे, खत म्हणून. मॅडम आधी तपासायच्या, अन् धातू निघाला की हात जोडून परत पाठवायच्या.

त्या वर्षी एका बाजूच्या टाकीत चुना सोडायला सुरुवात झाली. चुन्याचं काम माझ्याकडे आलं. चुना पाण्यात कालवायचा, मापानं सोडायचा, हळू ढवळायचा. मग थांबायचं. पाण्यात दिसत नव्हतं ते ढगासारखं दिसायला लागतं, ढगाचे गोळे होतात अन् गोळे खाली जातात. वीस वर्षांत ते मी किती वेळा पाहिलं असेल. तरी दर वेळी बघत उभा राहायचो.

घरी येऊन मी हे तिला सांगितलं. सांगायला नको होतं, असं तेव्हा वाटलं. श्रावण होता. आमच्याकडे कानबाई बसायची होती. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांचं मोठं काम. घर झाडून, चिरगुटं धुऊन, भांडंन् भांडं घासून एक दिवस तिला बसवायची अन् दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन तापीत सोडायची. ती मोरीत बसून माहेरचा तांब्याचा हंडा अन् कलश घासत होती. चिंचेचा कोळ, मीठ, नारळाची शेंडी. हंडा असा निघायचा की त्यात तोंड दिसावं. कोपरापर्यंत चिंच, अन् मोरीत हिरवट पाण्याचा ओघळ.

हात थांबवून तिनं विचारलं, "आपली मोरीनं पाणी कोठे जास?"

"मनाकडे येस."

"अन् तुमनाकडथीन?"

"तापीमा."

तिनं शेंडी खाली ठेवली. "कानबाई बी तापीमाच जास."

बस. तेवढंच म्हणाली. पण मला तिचा चेहरा ठाऊक होता. चाळीस वर्षं तो चेहरा मी पाहिला, अन् तसा झाला की काहीतरी निघणार हे नक्की. निघालंच. पुढच्या खेपेला तिनं चिंचेचं पाणी मोरीत जाऊ दिलं नाही. घर रंगवल्याची रिकामी बादली होती, तिच्यात हंडा घासला, धुतलं तेही पाणी तिच्यातच, अन् मला म्हणाली, टाका चुना.

मी रुबाबात टाकला. प्लांटवरचा माणूस मी. ढवळलं, म्हटलं, अर्ध्या तासानं बघ.

अर्ध्या तासानं पाहिलं तर पाणी निळंच्या निळं. तळाला थोडा पांढरा चुना, बाकी काही नाही. संध्याकाळी तेच. सकाळी तेच.

"गाय बठनी नही," ती म्हणाली. "तुमनी नोकरी खरी शे ना?"

शेजारणीसमोर म्हणाली. मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी बाटलीत ते पाणी भरून प्रयोगशाळेत नेलं. मॅडमनी उजेडात धरलं, अन् घरी काय चालतं ते ऐकून टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, काका, चिंच आहे ना, आंबटपणा तांब्याला धरून ठेवतो. सोडत नाही. तुम्ही टाकलेला चुना आधी चिंचेशीच भांडण्यात संपतो. अजून टाका. चिंच सुटली पाहिजे, तेव्हा तांबं खाली येईल.

पुरेसा झाला हे कळायला त्यांनी मला कागदी पट्ट्या दिल्या, पाण्यात बुडवल्या की रंग बदलणाऱ्या. मी त्या ऐटीत घरी आणल्या. बायकोनं एक बुडवली, पाहिली अन् बाजूला ठेवली.

"पट्टी कसाले? हयद शे ना."

तळहातावर चिमूटभर हळद घेतली, बादलीतल्या पाण्याचे दोन थेंब तिच्यावर टाकले. पिवळीच राहिली. चुना वाढवला. पुन्हा दोन थेंब. पुन्हा पिवळी. तिसऱ्या खेपेला हळद कुंकवासारखी लाल झाली. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? मला सुचलं नाही, मॅडमनाही सुचलं नसतं. तिनं तो लाल हात माझ्या नाकासमोर धरला. मग सगळ्यांना सांगितलं, "ढवयू नका."

सकाळी गाय बसली होती. तळाला मोरपंखी साय, वर पाणी असं की बादलीच्या आतल्या लिटरच्या रेघा तळापर्यंत दिसाव्यात.

मग ते चालूच राहिलं. दर शनिवारी देवाची तांब्याची भांडी, सणाला हंडा. ती वाटीनं वरचं पाणी अलगद काढायची अन् मोरीत सोडायची. तळाचं जमलं की पत्र्याच्या झाकणावर थापून गच्चीत उन्हाला ठेवायची. वाळल्यावर त्याच्या लहान लहान निळ्या चकत्या व्हायच्या. त्यांना ती गवऱ्या म्हणायची. गायीच्या गवऱ्या. जमल्या की फडक्यात बांधून माझ्याकडे द्यायची अन् मी त्या प्लांटवर मॅडमकडे न्यायचो, धातूच्या गाळाबरोबर वेगळ्या जायला. मॅडमनी एकदा विचारलं, एवढ्या मोठ्या शहरात काकीच्या एका बादलीनं काय होणार? मी घरी येऊन तसंच विचारलं. ती चिडली नाही.

"आख्खी सुरतनं माले काय म्हाईत? मनी मोरी ते साफ शे."

मी तिची फार थट्टा केली. लोकांसमोर केली. माझी बायको म्युनिसिपालटीला गवऱ्या पुरवते, म्हणायचो. माणूस जिवंत असताना त्याची एक बादली आपल्याला पायात येते. नंतर तीच बादली सतरा महिने जपावी लागते.

ती गेली त्या आठवड्याचा शनिवार. अंगात कणकण होती तरी तिनं भांडी घासली. चुना टाकला, हळद पाहिली, झाकण लावलं अन् खाटेवर पडली ती उठली नाही. रविवारी दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडाचं निघालं. डॉक्टर पोराशी बोलायचे, मी बाकावर. मी तिथून हललो नाही, डबा पोरगा आणायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले. हाताला सुई, तोंड कोरडं पडलेलं. मला वाटलं पाणी मागेल.

"गाय बठनी का?"

मी घरी गेलोच नव्हतो. बादली पाहिली नव्हती. पण म्हटलं, "बठनी ना. मस्त बठनी."

"मंग वरलं पाणी काढी टाका."

"काढस," मी म्हटलं.

आमचं शेवटचं बोलणं हे. लोकांच्या बायका पोरांचं सांगून जातात, देवाचं सांगून जातात. माझी मला काम सांगून गेली. अन् मी तिला खोटं सांगितलं.

दहाव्यानंतर पाहुणे गेले तेव्हा मी मोरीत जाऊन झाकण काढलं. गाय बसली होती. म्हणजे खोटं खरं झालं होतं. आता फक्त वाटी घ्यायची अन् वरचं पाणी काढायचं. मी वाटी घेतली. बुडवली नाही. त्या पाण्यात तिचे हात होते. ते मोरीतून गेलं की संपलं, असं काहीतरी डोक्यात बसलं. उद्या काढू म्हटलं. असे उद्या सतरा महिने झाले.

तेवढ्या काळात हंडा काळा पडला, कलशही. पहिल्या श्रावणात सुतक म्हणून कानबाई बसली नाही. दुसऱ्या श्रावणात सुनेनं स्टीलचा कलश मांडला. स्टीलला घासावं लागत नाही. सून सकाळी नातीचा डबा करते, दुपारी साडीला टिकल्या लावायचं काम करते, तिनं चिंच कधी कोळावी? पण त्या दिवशी घरात चिंचेचा वास नव्हता. बायकोच्या बोटांना चार-चार दिवस तो वास असायचा. भाकरीला लागायचा. मी कुरकुर करायचो, भाकरी आंबट लागते म्हणून. आता गोड लागते. गोड भाकरी खाल्ली जात नाही.

तर पोरगा म्हणाला, ओतून टाका. सून म्हणाली, "आबा, तठे मोरी नही शे. बाथरूम शे, टाईलनं. कोठे ठेवश्यात?"

मी म्हटलं, बादली जिथं जाईल तिथं मी जाईन. बादली नाही जाणार तर मी इथंच. भाडं दिलेलं आहे महिनाअखेरपर्यंत.

पोरगा पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये आहे. दिवसभर रंगाच्या पाण्यात उभा असतो, संध्याकाळी त्याची नखं कुठल्याही रंगाची असतात. तो थकला होता. "टेम्पोमा नही ठेवाव. गाद्यास्वर सांडी जाई. तुमनी गाय तुम्ही लई या."

चिडून म्हणाला, पण गाय म्हणाला. मला ते लागलं नाही, उलट बरं वाटलं. घरात तो शब्द बऱ्याच दिवसांनी आला.

टेम्पो पुढं गेला. मी झाकणाला सुतळी बांधली, दोन्ही हातांनी बादली उचलली अन् रस्त्यावर आलो. रिक्षावाला आमच्याकडचाच निघाला, बोलण्यावरून कळलं.

"काय शे बाबा बादलीमा?"

"गाय शे."

त्यानं आरशात पाहिलं. "गाय?"

"बठेल शे. हयू चालाव."

तो रिक्षा थांबवून मागं वळला. म्हातारा कामातून गेलेला दिसतो, असं त्याच्या तोंडावर होतं. मग त्याचं त्यालाच कळलं अन् तो हँडलवर थाप मारून हसला. "गाळ! आयला, गाळ! माले वाटनं वासरू शे का काय!" इतका हसला की मीही हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो असेन. बादली मांडीवर घट्ट धरली होती. त्यानं हळू चालवली, खरंच हळू. पण रेल्वे फाटकाच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, त्यावर पट्टे मारलेले नाहीत. त्याला दिसला नाही. रिक्षा उडाली, बादली उडाली, मी उडालो. झाकणाच्या फटीतून पाणी माझ्या धोतरावर आलं.

फ्लॅटच्या खाली उतरलो अन् सुतळी सोडली. आत निळं दूध झालं होतं. वरचं नितळ नाही, तळाचं काही नाही. सगळं एक.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो. बादली समोर. तिनं बसवलेलं मी मोडलं. सतरा महिने नातीवर ओरडलो, सुनेवर ओरडलो, अन् शेवटी माझ्याच मांडीवर. मी तिथं रडलो. नव्या बिल्डिंगमधली माणसं जाता-येता बघत होती, बघू दे. दवाखान्यात रडलो नव्हतो, तापीवर रडलो नव्हतो.

सून खाली आली, आबा कुठं राहिले म्हणून. तिनं बादलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, धोतरावरचा निळा डाग पाहिला. मग बादलीची कडी धरली. मी दुसरी बाजू धरली. लिफ्ट अजून चालू झाली नव्हती. तीन मजले आम्ही दोघांनी ती चढवली, प्रत्येक मजल्यावर टेकवत. वर गेल्यावर तिनं बाल्कनीत भिंतीकडे जागा केली, तुळशीचं डबडं सरकवलं. मग नातीला म्हणाली, "हाई ढवयानं नही. आजीनं शे."

नात म्हणाली, "इसमें क्या है?"

"गाय," सून म्हणाली.

सामान अर्धं खोक्यांत होतं. मी सुनेला म्हटलं, हळद कुठल्या खोक्यात? तिनं शोधून दिली. मी तळहातावर चिमूटभर घेतली अन् बादलीतले दोन थेंब टाकले. पिवळीच राहिली. इतक्या महिन्यांत हवा लागून चुन्याचा जोर गेला असणार. मी कनवटीची डबी काढली. तंबाखूला लागतो तो चुना माझ्याकडे कायम असतो. बोटभर घेतला, वाटीत कालवला, सोडला अन् हळू ढवळला. पुन्हा दोन थेंब. पिवळी. अजून थोडा. तेव्हा कुठं हळद लाल झाली.

माझ्या तळहातावर ते तिच्यासारखं दिसत नव्हतं. माझा हात काळा, भेगांचा. पण लाल तेच होतं.

झाकण लावलं. मग बाल्कनीच्या दाराशी बसून राहिलो, संध्याकाळ होईपर्यंत. सुनेनं चहा आणून दिला. पोरगा घरी आला, चप्पल काढताना त्यानं बाल्कनीकडे पाहिलं. तोंड उघडलं, अन् माझ्याकडे बघून मिटलं. मला ठाऊक आहे त्याच्या तोंडात काय होतं.

सकाळी उठलो. उन्हं बाल्कनीत आलेली. झाकण काढलं. वर पाणी नितळ, आतल्या लिटरच्या रेघा तळापर्यंत दिसत होत्या. अन् तळाला मोरपंखी, होती तेवढीच. थोडी जास्तच, माझा चुना धरून.

वीस वर्षं मी रोज हेच पाहिलं. ढवळलं की गढूळ होतं, ठेवलं की बसतं. बरणीत पाहिलं, टाकीत पाहिलं. अन् तिच्या बादलीचं मात्र मला वाटलं की एकदा हललं म्हणजे गेलं. मॅडम असत्या तर टेबलावर डोकं ठेवून हसल्या असत्या.

सुनेला वाटी मागितली. स्टीलची दिली. वाकून अलगद वरचं पाणी भरत गेलो, तळ हलणार नाही असं, ती करायची तसं. भरलेली वाटी बाल्कनीच्या जाळीत सोडली. दुसरी सोडली. पाणी नळीतून खाली गेलं, आवाज करत. तिथून गटारीत, गटारीतून माझ्या प्लांटवर. तिथं आता दुसरा कोणी बरणी भरत असेल अन् कोपर लावू नका म्हणत असेल. मग तापीत.

तळाला दोन बोटं पाणी राहिलं तेव्हा थांबलो. कंबर धरली होती. मागं दारात पोरगा उभा होता, ब्रश तोंडात. किती वेळ उभा होता ठाऊक नाही. फेस थुंकून आला अन् म्हणाला, "आबा, बठनी का?"

"बठनी," मी म्हटलं. या खेपेला पाहून सांगितलं.

मग त्याला म्हटलं, खोक्यातून तो हंडा काढ. काळा पडलाय. अन् येताना चिंच घेऊन ये.